नियत, इल्म आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ

आपल्या घरांतून मुलाला बोलता येऊ लागले की ज्या पहिल्या काही गोष्टी त्याच्या कानावर पडतात, त्यांत नियत हा शब्द असतो. रोजा धरताना नियत, नमाजला उभे राहताना नियत, जकात काढताना नियत. अमल कसा मोजला जाईल हे नियत कशी होती यावर ठरते, ही शिकवण आम्ही वर्गातही देतो आणि ती खरीच आहे. पण तिला लागूनच एक प्रश्न उभा असतो, तो फारसा कोणी विचारीत नाही. नियत साफ होती, हात कुशल होते, खर्चाची पर्वा केली नव्हती आणि तरीही त्याच हातांनी एक तान्हे बाळ आंधळे झाले, तर हिशेब कसा मांडायचा?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. गेल्या शतकात तो दहा हजारांच्या आसपास मुलांच्या बाबतीत प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही, म्हणून ती आधी सांगतो.

१९४२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एक विलक्षण प्रकार नोंदवला. दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाच्या दोन्ही डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढरट पेशींचा पडदा तयार झाला होता. बाळाला दिसत नव्हते. असे पूर्वी कोणी लिहून ठेवलेले नव्हते. डॉक्टर लोक ज्याला विरळा केस म्हणतात, तशी ही केस होती. पण थोड्याच दिवसांत तशी दुसरी बाळे दिसू लागली, मग तिसऱ्या गावाहून पत्र आले आणि बघता बघता विरळा म्हणून नोंदलेली गोष्ट साथीसारखी पसरली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लहान मुलांच्या अंधत्वाचे ते मोठे कारण होऊन बसले. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर यांचा जन्म त्याच साली दिवसांआधी झाला आणि त्यांची दृष्टी याच रोगाने गेली.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास म्हणावा, हा रोग गरिबांच्या घरात जन्मलेल्या बाळांना होत नव्हता. जिथे काचेची पेटी होती, तज्ज्ञ होते, दिवसरात्र परिचारिका होत्या, अशा उत्तमोत्तम रुग्णालयांतच तो वाढत होता. जितकी काळजी जास्त तितका अंधार जास्त. पन्नासेक कारणांवर संशय घेऊन झाला. आईच्या आहारावर, जीवनसत्त्वांवर, दिव्याच्या उजेडावर, दुधावर, लोहाच्या थेंबांवर. प्रत्येक संशयामागे कोणीतरी शहाणा माणूस होता.

न्यूयॉर्कच्या बाल रुग्णालयातले विल्यम सिल्व्हरमन हे त्यांपैकी एक. त्यांनी एसीटीएच नावाचे संप्रेरक या बाळांना देऊन पाहिले. एकतीस बाळांना दिले, पंचवीस बाळांची नजर शाबूत राहिली. आता वाचकांनीच सांगावे, एकतीसमध्ये पंचवीस! आपल्या गावात एखाद्या हकीमसाहेबांच्या काजळाने एकतीसपैकी पंचवीस बाळांचे डोळे वाचले असते, तर त्यांच्या दाराशी रांग लागली असती आणि शंका घेणाऱ्याला लोकांनी उभे केले नसते. पण सिल्व्हरमन यांनी आपल्याच यशावर शंका घेतली. त्यांनी नव्या बाळांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले. एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही. निकाल असा लागला की औषध घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळे अंध झाली आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश. शिवाय औषधाच्या गटात मृत्यूही जास्त झाले. हा रोग सुरुवातीच्या अवस्थेत बहुतेक बाळांत आपोआपच मागे फिरतो, हे तोवर ठाऊक नव्हते. पंचवीस बाळांना औषधाने वाचवले नव्हते. ती औषध सोसूनही वाचली होती.

आम्हांला या साऱ्या इतिहासात हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. अपयशानंतर शंका घेणे सोपे असते. सगळे आभार मानीत असताना, आईबाप हात जोडून उभे असताना, 'कदाचित हे माझ्यामुळे झाले नसेल' असे म्हणायला फार मोठे काळीज लागते. तवाजू हा शब्द आपण विद्वानाच्या वागण्यापुरता वापरतो. इथे ती इल्म मिळवण्याची रीतच होऊन गेली.

मग संशय ऑक्सिजनवर आला. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी लिहिले की जिथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जातो तिथे अंध बाळे जास्त आढळतात. आज आपल्याला त्याचे कारण ठाऊक आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात मधल्या बिंदूपासून कडेकडे हळूहळू वाढत जातात आणि दिवस भरता भरता कडेला पोहोचतात. बाळ लवकर जन्मले तर पडद्याची कड उघडी, रक्ताविना राहिलेली असते. त्यात भरपूर ऑक्सिजन मिळाला की वाहिन्यांना पुढे वाढण्याची गरजच उरत नाही, त्या थांबतात. नंतर पडद्याची भूक वाढते आणि त्या वेड्यावाकड्या, जिथे जाऊ नये तिथे फुटू लागतात. त्यांचे व्रण आकसतात आणि पडदाच ओढून सुटा करतात. पण हे सारे नंतरचे ज्ञान. १९५१ साली ऑक्सिजन म्हणजे साक्षात जीव होता. निळे पडलेले दोन मुठींएवढे बाळ ऑक्सिजनने गुलाबी होताना रोज डोळ्यांसमोर दिसत होते. त्या जीवावर संशय घ्यायचा तरी कसा?

वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयातल्या अर्नाल पॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांनी आळीपाळीने एका बाळाला नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन आणि दुसऱ्याला गरजेपुरताच, अशी तुलना सुरू केली. सरकारी मदत मागितली तर ऑक्सिजन कमी करणे अनैतिक म्हणून ती नाकारली गेली, असे पॅट्झ यांनी पुढे सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांच्या पेटीचा ऑक्सिजन रात्रपाळीच्या काही परिचारिका गुपचूप वाढवून ठेवीत असत. डॉक्टर या बाळांना मारायला निघाले आहेत, असे त्यांना वाटत होते.

त्या परिचारिकांना दोष देणे आम्हांला जमत नाही. रात्री दोन वाजता, डॉक्टर घरी झोपलेले असताना, एकटी बाई काचेच्या पेटीतल्या बाळाची छाती मोजते आहे, आणि हाताशी एक चावी आहे. आपल्यापैकी कोणाची आई, कोणाची खाला, कोणाची आपा तिथे असती तर तिने वेगळे काय केले असते? नियत म्हणाल तर तिच्याइतकी साफ कोणाचीच नव्हती.

अखेर १९५३च्या जुलैपासून एक वर्ष अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी मिळून एकच प्रयोग केला. दीड किलोच्या आतली सातशे शहाऐंशी बाळे. पहिले तीन महिने तीनपैकी एक बाळ नेहमीसारख्या सढळ ऑक्सिजनच्या गटात आणि दोन बाळे मोजक्या ऑक्सिजनच्या गटात, चिठ्ठीप्रमाणे. तीन महिन्यांनंतर सढळ गट बंद केला. निकाल स्पष्ट होता. सढळ ऑक्सिजनच्या गटात तेवीस टक्के बाळांच्या डोळ्यांत व्रण राहिले, मोजक्याच्या गटात सात टक्के. जगभर ऑक्सिजनच्या चाव्या आवळल्या गेल्या आणि साथ ओसरली.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. ते तीन महिने ज्या बाळांची चिठ्ठी सढळ गटात निघाली, त्यांचे काय? माणसाच्या बाळाचे डोळे चिठ्ठीवर सोडायचे, हे कोणत्या धर्मात बसते? ही तर जुगाराची रीत झाली, असे कोणीही म्हणेल. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तेच म्हटले.

पण चिठ्ठी आणि जुगार एक नव्हेत, हे आपल्याइतके चांगले कोणाला ठाऊक असावे? हजला जाणारे जास्त आणि जागा कमी, म्हणून हज कमिटीचा कुर्रा निघतो. त्याला कोणी जुगार म्हणत नाही. बीबी मरियम यांचा सांभाळ कोणी करावा यासाठी कलमे टाकली गेली, याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये आहे. हजरत यूनुस यांच्या नावेतल्या कुर्र्याचाही आहे. प्रवासाला निघताना सोबत कोणी यावे यासाठी रसूलुल्लाह आपल्या पत्नींमध्ये कुर्रा टाकीत, हे हदीसमध्ये आहे. मनाई आहे ती मैसिरला आणि बाण टाकून नशिबाचा कौल घेण्याला. फरक कुठे आहे? जुगारात एकाच्या नुकसानीतून दुसऱ्याचा नफा निघतो. कौल घेताना माणूस आपली अक्कल वापरायची सोडून देतो. कुर्रा तेव्हा टाकतात जेव्हा सगळ्यांचा हक सारखा असतो आणि कोणाला पुढे करावे याला कोणाकडेही प्रामाणिक कारण नसते. कुर्रा म्हणजे 'आम्हांला ठाऊक नाही' याची कबुली आणि त्या न ठाऊक असण्यात कोणावर मेहेरनजर होऊ नये याची काळजी.

ही कसोटी त्या अठरा रुग्णालयांना लावून पाहावी. डॉक्टरांना खरोखरच ठाऊक नव्हते काय? काहींची खात्री होती की ऑक्सिजन आंधळा करतो, तितक्याच जणांची खात्री होती की ऑक्सिजन कमी केला तर बाळे मरतील. जाणकारांत असा दुमत असताना एकेकाने आपापल्या खात्रीप्रमाणे वागणे, हाही एक कुर्राच असतो. फक्त तो बाळ कोणत्या दवाखान्यात जन्मले यावर टाकलेला असतो आणि त्याची नोंद कुठे होत नाही. बारा वर्षे तो तसाच चालू होता. दहा हजार बाळांनी त्याची किंमत मोजली आणि त्यातून कोणी काही शिकले नाही. त्यापुढे तीन महिन्यांचा उघड, मोजलेला, लिहून ठेवलेला कुर्रा आम्हांला अधिक न्याय्य वाटतो. तो सोसलेल्या बाळांचे ऋण मात्र फिटलेले नाही, ते फिटणारही नाही.

आणि हे काही पश्चिमेकडून आलेले परके शहाणपण नव्हे. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अबू बक्र अर-राझी यांनी 'अल-हावी' या आपल्या टिपणांच्या ग्रंथात सरसामच्या रोग्यांविषयी लिहून ठेवले आहे की त्यांनी एका गटाचे रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, कारण त्यांना त्यातून निष्कर्ष काढायचा होता. रक्त काढण्याचा इलाज पुढे चुकीचा ठरला, ती गोष्ट वेगळी. 'मुद्दाम' हा शब्द लक्षात घ्यावा.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की डॉक्टर बरोबर होते आणि रात्रपाळीची परिचारिका भोळी होती. हकीकत इतकी सरळ असती तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. त्या अठरा रुग्णालयांच्या प्रयोगात एक बारीक गोष्ट होती. बाळ अठ्ठेचाळीस तासांचे झाल्यावरच त्याला प्रयोगात घेत असत. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत जी बाळे दगावत त्यांची गणतीच त्यात नव्हती. त्यामुळे कमी ऑक्सिजनने मृत्यू वाढत नाहीत असे दिसले. पण दिवसांआधी जन्मलेले बाळ श्वासासाठी सर्वांत जास्त झगडते ते याच दोन दिवसांत. निकाल जाहीर झाल्यावर सगळीकडे जन्मल्या क्षणापासून ऑक्सिजन आवळला गेला. १९७३ साली इंग्लंडचे डॉक्टर केनेथ क्रॉस यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासून अंदाज मांडला की एका बाळाची दृष्टी वाचवताना सोळाच्या आसपास बाळांचा जीव गेला असावा.

एकास सोळा. हा अंदाज आहे, तोलूनमापून सांगितलेला आकडा नव्हे. पण निम्मा धरला तरी छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. रात्री दोन वाजता चावी फिरवणाऱ्या त्या बाईने जे पाहिले होते, ते खोटे नव्हते. तिच्याकडे मोजमाप नव्हते, डॉक्टरांकडे ते होते, पण अठ्ठेचाळीस तासांनंतर सुरू होणारे. दोघांच्याही इल्मला भोक होते आणि बाळे त्या भोकांतून निसटली. सिल्व्हरमन यांनी १९८० साली या सर्व प्रकरणावर पुस्तक लिहिले तेव्हा त्याला आधुनिक बोधकथा म्हटले. पुढची अनेक वर्षे ते डॉक्टरांना हेच सांगत राहिले, की आपल्या खात्रीला घाबरा.

मग किती ऑक्सिजन योग्य? हे कळायला आणखी अर्धे शतक गेले, आणि त्यासाठी पुन्हा कुर्राच टाकावा लागला. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेत सपोर्ट नावाचा प्रयोग झाला. तेराशे सोळा बाळे, सगळी अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेली. एका गटात रक्तातला ऑक्सिजन पंच्याऐंशी ते एकोणनव्वद टक्के ठेवायचा, दुसऱ्यात एक्क्याण्णव ते पंच्याण्णव. त्या काळी या दोन्ही पातळ्या रोजच्या वापरातल्याच होत्या. २०१०चा निकाल असा होता की कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्यांचा गंभीर रोग जवळजवळ निम्मा झाला, पण मृत्यू जास्त झाले. सुमारे वीस टक्के विरुद्ध सोळा टक्के. म्हणजे क्रॉस यांनी जुन्या नोंदींतून जे ताडले होते त्याची दिशा खरी ठरली. आज डॉक्टर वरच्या पातळीकडे झुकतात आणि डोळे वारंवार तपासून, लागल्यास लेसरने किंवा इंजेक्शनने रोग थोपवतात.

या प्रयोगातही एक गोष्ट रात्रपाळीच्या त्या चावीची आठवण करून देणारी होती. बाळाच्या पायाला लावलेले ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र मुद्दाम असे बदलले होते की पडद्यावर खरा आकडा दिसू नये. दोन्ही गटांतल्या बाळांचे आकडे सारखेच दिसत, म्हणजे कोणाच्या हातून पक्षपात होऊ नये. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण आईबापांना ते सांगितले होते काय? २०१३ साली अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयाने कळवले की पालकांकडून सही घेतलेल्या संमतिपत्रांत अंधत्वाचा, मेंदूच्या इजेचा आणि मृत्यूचा धोका नीट मांडला नव्हता. दोन्ही उपचार नेहमीचेच आहेत, तेव्हा जादा धोका नाही, असा कित्येक पत्रांचा सूर होता. यावर मोठे वादंग झाले. अनेक नामवंत डॉक्टरांनी आणि अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या प्रमुखांनीही संशोधकांची बाजू घेतली.

आमचे मत असे की कुर्रा रास्त होता आणि कागद रास्त नव्हता. दोन्ही उपचार नेहमीचे असतील, पण माझ्या बाळाला कोणता मिळावा हे आता त्याची प्रकृती पाहून ठरणार नाही, चिठ्ठी पाहून ठरणार, ही गोष्ट नेहमीची नव्हे. कुर्र्याचा सारा न्याय तो उघड असण्यात आहे. हजचा कुर्रा बंद खोलीत काढला आणि लोकांना 'तुमचा अर्ज गुणवत्तेवर तपासला' असे सांगितले, तर तो कुर्रा उरत नाही. आपल्या शिकवणीत नियतबरोबरच दुसरीही एक गोष्ट आहे. वैद्यकी येत नसताना जो इलाज करतो तो नुकसानीचा जामिन ठरतो, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. फकीहांनी तिच्यावर बरेच लिहिले आहे. आम्ही फकीह नाही. पण एवढे दिसते की तिथे नियतचा प्रश्नच निघत नाही. विचारले जाते ते एवढेच, की तुला येत होते काय. ज्या काळी कोणालाच येत नव्हते, त्या काळच्या डॉक्टरावर 'मला येत नाही' हे बोलून दाखवण्याची तरी जबाबदारी येतेच.

हे सारे दूरदेशीचे वाटू नये. आपल्याकडे आता तालुक्याच्या ठिकाणीही नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग झाले आहेत आणि पूर्वी जी बाळे दगावत ती जगू लागली आहेत. त्यांच्याबरोबर हा रोगही आला. अमेरिकेत तो आता अगदी चिमुकल्या बाळांत दिसतो, आपल्याकडे त्यांच्याहून वजनदार बाळांतही आढळतो, कारण ऑक्सिजन मोजून मिसळण्याची सोय सगळीकडे नसते. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचे जन्मलेले प्रत्येक बाळ तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावे, अगदीच लहान असेल तर त्याहूनही आधी, असा आपल्या देशातला दंडक आहे. २०१३पासून सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या रोगाचा समावेश आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका मुलीला एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई देवविली. ती १९९६ साली दिवसांआधी जन्मली होती आणि तिचे डोळे वेळेवर तपासावेत असे तिच्या आईबापांना कोणी सांगितले नव्हते. तिथेही नियत कोणाची वाईट होती असे कोणी म्हटले नाही. मोहल्ल्यात जिच्या घरी असे बाळ आले असेल तिला हे तीस दिवसांचे सांगावे. बाळ दूध पिते, हसते, सगळे ठीक दिसते, आणि चाळिशीची आंघोळ होईपर्यंत घराबाहेर नेऊ नये म्हणून थांबतात. तेवढ्यात ती मुदत टळून जाते.

आणि संमतिपत्रे आता आपल्या दारापर्यंतही येतात. आमच्यासारख्या उर्दू शाळेतल्या मास्तरकडे पालक बँकेचा, रेशनचा, कोर्टाचा कागद वाचून घ्यायला येतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याची आई असाच एक कागद घेऊन आली. तिचे धाकटे बाळ सात महिन्यांचे जन्मले होते, शहरात काचेच्या पेटीत होते आणि डोळ्याच्या दोन इलाजांची तुलना करणाऱ्या अभ्यासात त्याला घ्यावे काय असे डॉक्टरांनी विचारले होते. कागद मराठीत होता आणि, खरे सांगायचे तर, प्रामाणिक होता. धोके लिहिलेले होते, नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत हेही लिहिलेले होते. पण मधोमध एक शब्द होता, 'यादृच्छिक वाटप'. तो आम्ही वाचला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. चिठ्ठी म्हटले तरी नीट कळले नाही, तिला भिशीची चिठ्ठी आठवली. मग तिनेच विचारले, "सर, हज के कुर्रे जैसा?"

होय म्हटल्यावर ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. तिच्या सासऱ्यांचे नाव तीन वर्षे कुर्र्यात निघाले नव्हते. पुढे तिने दोन गोष्टी विचारल्या. कोणता इलाज चांगला हे डॉक्टरांना खरंच ठाऊक नाही का? आणि कुर्रा कोणत्या बाजूला निघाला, ते मला कळेल का? पहिल्याचे उत्तर कागदात होते. दुसऱ्याचेही होते, अभ्यास संपल्यावर कळेल असे. ती म्हणाली, हे दोन्ही मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकेन, मग सही करीन. कागदाची घडी घालून तिने पदरात बांधली आणि शेवटची एसटी गाठायला निघाली.